भायर न बसलेले दोन महिने

बेळगावची बस सुटली तेव्हा माझा ओठ फाटला होता आणि मांडीवरची मंजू आपल्या फ्रॉकने रक्त पुसत होती. आई, हे तुला इतक्या वर्षांनी सांगतेय. हळर्णहून माझी पाठवणी करताना तू म्हणाली होतीस, "कितेंय जावं, घोवाचें घर सोडूं नाका." नवऱ्याचं ते घर मी सोडलं.

गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. डिचोलीत नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. पट्टा, चप्पल, चुलीतलं लाकूड, हाताला येईल त्याने मारायचा. प्यायलेला नसतानाही मारायचा, तेव्हा दारूला कशाला दोष देऊ? त्याला मुलगा हवा होता. अशा घरात आणखी एक जीव आणायचा नाही, म्हणून मी सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चोरून घेत होते.

त्या गोळ्यांवर पाळीच येईना. सासरी पाळी आली की मागच्या पडवीत वेगळं बसायचं, त्यामुळे एखादी बसली नाही तर तेही साऱ्या वाड्याला कळतं. "सून दोन म्हयने भायर बसूंक ना!" सासूने घरोघर सांगितलं. गोळ्या चुकल्या की काय म्हणून मी दवाखान्यात तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदर नाहीस. या गोळ्यांनी कधीकधी पाळी येत नाही."

घरी मी गप्प राहिले, कारण मार थांबला होता. नवरा माझ्यासाठी ताजे बांगडे आणायचा, "सांबाळून चल" म्हणायचा. नसलेल्या पोराचे केवढे लाड! मला संताप यायचा, आणि बांगडे मी खायचेही.

मग एका सकाळी पाळी आली. साडीवरचं रक्त पाहून सासू किंचाळली, "भुरगो मारलो हिणें!" नवऱ्याने केस धरून मला भिंतीवर आपटलं, पोटात लाथा घातल्या. पोटात पोर नव्हतंच, हे मी ओरडून सांगत होते. मंजू रडायला लागली तसा तो तिच्याकडे वळला. मी कोयता उचलला.

"तिका हात लावन पळय, कापून उडयतां."

तो मागे सरला. मंजूला उचलून मी बाहेर पडले.

बेळगावात ब्लाउज शिवून जगले. मंजूचं लग्न झालं. तीही गोळ्या घेते. परवा जेवताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "या महिन्यात पाळी आली नाही माझी." मार अडवायला माझा हात आपोआप तोंडासमोर गेला. जावई म्हणाला, "उद्या डॉक्टरांना विचारू," आणि त्याने तिला भात वाढला.

आई, घर म्हणजे काय ते मला लेकीच्या या भाड्याच्या दोन खोल्यांत कळलं. हाताला अजून कळायचंय.