बॅटरी ओसरीवर होती

इथले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगू? निम्म्या वेळा हसायलाच वाचतो. पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी... बायकोला वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, या लोकांना काही कामधंदा नाही का! मी अकोल्याला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. बंद गाडी चालू करणं हे माझं पोटापाण्याचं काम. भुताखेतांशी माझी ना ओळख, ना भांडण. आता मीच लिहायला बसलोय, तेव्हा हसा खुशाल.

आमचं गाव भातकुली तालुक्यात. बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. त्यांची छोटी पांढरी कार ते गोठ्यात लावायचे. बैल विकून बरीच वर्षं झाली होती, गोठा रिकामाच होता, म्हणून गाडी तिथे. बाबा गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

माय गावात एकटीच राहायची. शेजारी चुलतभाऊ दिलीप, एवढाच आधार. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. चुलीवर हात भाजायचा, उंबऱ्याला ठेच लागायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी थांबलात तर डोळे हातचे जातील. मी अकोल्याला ऑपरेशनची तारीख घ्यायचो आणि ही ऐनवेळी अडून बसायची. मी चिडायचो, ओरडायचोही. शेवटी एकदा फोनवर म्हणाली, "तुह्या बाबाची गाडी चालू कर. तिच्यातच बसून येईन. दुसऱ्या कोन्या गाडीत मी पाय ठेवत नाई."

मी म्हटलं, एवढंच ना? हा तर माझ्या हातचा मळ! पोळ्याच्या आदल्या दिवशी नवी बॅटरी, पेट्रोलचा कॅन आणि हत्यारांची पेटी घेऊन गावी पोचलो. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलेलं होतं.

बॉनेट उघडलं तर उंदरांनी संसार थाटलेला. एअर फिल्टरमध्ये घरटं, दोन-चार वायरी कुरतडलेल्या. सगळं साफ केलं, वायरी जोडल्या. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, प्लग घासले, नवी बॅटरी बसवली. चावी फिरवली... खर्र खर्र खर्र. इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. पुन्हा सगळं तपासलं. प्लगला ठिणगी चांगली निळी, पेट्रोल येतंय, हवा जातेय, कम्प्रेशनही ठीक. मी पोरांना पहिल्याच तासाला शिकवतो की एवढं सगळं असल्यावर इंजिनाला चालू व्हावंच लागतं, त्याची मर्जी विचारायची नसते. पण दुपार कलली तरी ही ढिम्म! सेल्फ मारून मारून नवी बॅटरीसुद्धा बसली.

दिलीप येऊन बघून गेला. "मास्तर, तुह्याच्यानं नाई होत बावा," म्हणून चिडवून गेला. माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

सूर्य मावळायला आला तशी माय भिंतीला हात लावत लावत गोठ्यात आली. हातात वाटी, वाटीत लोणी आणि हळद, वर पळसाचं पान. माझ्या लक्षात आलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात, ही आमच्याकडची रीत. बैल गेले तरी बाबांनी ती मोडली नाही. गाडीच्या बॉनेटला लोणी-हळद लावून गाडीलाच आवतन द्यायचे. आम्ही खूप हसायचो.

"माय, औंदा आपल्याले सण नाई ना? बाबाचं वर्ष व्हायचं हाये," मी म्हणालो.

"सण आपल्याले नाई. गोठ्यातल्याले कायची बंदी? घरच्या मानसानं म्हना लागते. म्हन तू."

वाद घालायची ताकद उरली नव्हती. बॉनेटवर बोटं फिरवली आणि रिकाम्या गोठ्यात, जरा नाटकीपणानंच, मोठ्यानं म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग बॅटरी काढली, उचलून ओसरीवर आणली आणि चार्जरला लावली. चावी पँटच्या खिशात टाकली.

सकाळी मी ओसरीवर चहा पीत बसलो होतो. चांगलं ऊन पडलं होतं. बॅटरी माझ्या पायाशी, चार्जरचा दिवा लागलेला. माय चुलीपाशी, घरभर पुरणाचा वास. तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला — सेल्फचा. एकदाच. आणि इंजिन चालू झालं.

मी धावलो. गाडी चालू होती! बाबा होते तेव्हा जशी चालायची तशी, एकसारखी. आत कोणी नाही. चावीच्या जागी चावी नाही. बॉनेट उघडं, आणि बॅटरीची जागा रिकामी... दोन्ही वायरींची टोकं मी काल बाजूला ठेवली तशीच मोकळी. बॅटरीवाचून सेल्फ फिरत नाही हो! शाळकरी पोरालाही हे कळतं. मी घाबरलो, अगदी लहान मुलासारखा घाबरलो.

मागून माय आली. हातात ताट, ताटात पुरणपोळी. तिला काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. वाकून तिनं ताट गाडीपुढे ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "जेवा." इंजिन बंद पडलं. आचके देत नाही, कोणी चावी फिरवल्यावर पडतं तसं.

दिलीपला सांगितलं तेव्हा त्याचं चिडवणं कुठल्या कुठे गेलं. "अबे, काकाचं वर्षश्राद्ध नाई झालं अजून, अन् तू त्याइच्या गोठ्यात उभा राहून जेवाले या म्हनलं? गोठ्यात बैल नाई. मंग कोनाले म्हनलं तू?"

मी बॅटरी जोडली, चावी लावली, आणि गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. आदल्या दिवशीपेक्षा मी काडीचंही वेगळं केलं नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला. माय मागच्या सीटवर, अगदी कडेला अंग चोरून बसलेली. वाटभर हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मला वाटलं, ऑपरेशनच्या भीतीनं देवाचं नाव घेत असेल. मी आरसा बघायचं टाळलं. का टाळलं, ते तुम्ही समजून घ्या.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या डोळ्याचंही काही दिवसांनी झालं. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "किती केस पिकले रे तुहे!" आम्ही सगळे हसलो. मला तर रडूच आलं.

मग तिला गावी सोडायला गेलो. उतरल्या उतरल्या ती गोठ्यात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेलो, तर रिकाम्या दावणीपाशी उभी राहून रडत होती.

"काय झालं माय? दिसत नाई काय बरोबर?"

"सारं दिसते. तेच दिसत नाईत." मग पदरानं डोळे पुसत, घाबरल्यासारखी सांगू लागली. "रोज सकायी इथी उभे राहत. बाकी सारं धुकट, पन ते साफ दिसत. म्हनून मी येत नोती. गाडी आली तं तेही येतीन म्हनून म्हनलं होतं, गाडीतच येईन. आले बी. बाजूले बसून होते अकोल्यापर्यंत."

डॉक्टरांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, म्हातारपण, मोतीबिंदू, एकटेपणा — डोळ्यांना भास होतात. पटतंही. पण त्या सकाळी भास कोणाला झाला? माझे डोळे तर शाबूत आहेत. बॅटरी ओसरीवर होती, चावी खिशात होती आणि इंजिन चालू होतं. इतकी वर्षं इंजिनं उघडतोय, मला याचं कारण सापडलेलं नाही. कोणाला सापडलं तर जरूर सांगा.

आणि आणखी एक सांगा. मायचा हल्ली रोज फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते, मग विचारते, "सुधाकर, त्या डॉक्टरले इचारलं काय? डोये पयल्यासारखे करून देता येतीन काय?" तिला काय उत्तर देऊ?