रानवांग्याच्या मुळावर

सावद्याजवळच्या एका खेड्यात बेबाबाई भरताची वांगी लावायची. तिची पांढुरकी हिरवी, मोठाली वांगी दुरून लोक मागायला यायचे. पण १९८९ पासून तिच्या वावरात मर शिरली. फळं धरायच्या सुमाराला झाड भर दुपारी मान टाकायचं आणि चार दिवसांत उभं वाळायचं. सलग तीन वर्षं हेच झालं. तिचा नवरा निंबा म्हणाला, "तेठीबी आता केळीच लावू."

बेबाबाईचं लक्ष मात्र नाल्याच्या काठावर होतं. तिथं काटेरी रानवांग्याची झुडपं होती. त्यांना ना पाणी ना खत, तरी ती हिरवीगार. बेबाबाईचं माहेर पारोळ्याकडचं. लग्नाआधी ती वडिलांबरोबर रानबोरींवर गोड बोरीचे डोळे भरायला, म्हणजे कलमं करायला, जायची. तो हात अजून गेला नव्हता.

१९९२च्या उन्हाळ्यात तिनं रानवांग्याचं बी टाकलं. ते हळू उगवतं, म्हणून आपल्या वांग्याचं बी तिनं तीन आठवडे उशिरा टाकलं. दोन्हींची खोडं सारखी जाड झाली, तशी तिनं रानरोपाचा शेंडा ब्लेडनं उडवला, खोडाला मधोमध चीर दिली आणि तिच्यात वांग्याचा शेंडा पाचरीसारखा तासून बसवला. बांधायला दोरा चालेना, खोड कापलं जाई. मग सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे उभे चिरून तिनं ते चिमट्यासारखे लावले. चाळीस रोपं बांधली, ओल्या गोणपाटाखाली ठेवली. उन्हाच्या झळांनी बाकीची सुकली, जगली सात.

शेजारचे गिरधर आबा म्हणाले, "काहाले जीव घालते व त्याच्यात? मूळ रानातलं, वांगं कडूच लागीन."

"लागलं तर लागलं, आबा. खाऊन तर पाहू."

पुढची चाळीस तिनं घरात, सावलीत ठेवली. त्यांतली एकतीस जगली. मार्गशीर्षात बाकीचं वावर वाळत होतं, आणि ही झाडं कमरेच्या वर गेली होती. बेबाबाईनं कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली आणि आबांना जेवायला बोलावलं. आबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी भरीत खाल्लं, ताट पुढे केलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

तरी रानटी मुळातून विष चढत असेल, असं गावात लोक कुजबुजत होतेच. बेबाबाईनं स्वतःच पानं आणि फळं पिशवीत भरली आणि एसटीनं धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात तपासायला नेली. महिन्याभरानं तिथले महाजन सर वावर पाहायला आले.

"विषबिष काही नाही," ते म्हणाले. "पण मूळ बदललं, की जमिनीतून काय किती वर चढतं, तेही बदलतं. तुमच्या कलमात जस्त जास्त आलंय, आणि ते शरीराला लागतंच."

बेबाबाईनं थोडा विचार केला. "मग सर, पोकळ्याची भाजी रानातल्या काटेमाठावर बांधली, तर पानांतबी फरक पडंन का?"

सरांनी ते वहीत टिपून घेतलं. "हे मला कुणी विचारलं नव्हतं. बांधून बघा. पानं मी तपासतो."

पुढच्या आठवड्यात तिनं दहा रोपं बांधली. तीन लागली. त्यांची पानं तळहाताएवढी झाली, तेव्हा तिनं ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि निंबाला म्हणाली, "उद्या धुळ्याले जातो आपण."

निंबानं या वेळी केळीचं नाव काढलं नाही. त्यानं पिशवी झटकून पुढे केली.