आकड्याचं डोकं चढाकडे

सुरतेसारख्या सपाट शहरात डोंगर उभा करून दाखवणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्याच नशिबी साडू म्हणून आला. ज्या शहरात उड्डाणपुलाखेरीज लोकांना चढ ठाऊक नाही, त्या शहरात हे गृहस्थ सगळी उमेद उंचसखल जमिनीचे नकाशे काढण्यात घालवून बसले. उधन्याला एका सर्व्हेवाल्याच्या ऑफिसात त्यांची नोकरी होती. ऑफिसची माणसं उन्हात उभी राहून जागोजागच्या उंच्या मोजून आणायची आणि आमचे साडू पंख्याखाली बसून कॉम्प्युटरवर त्या उंच्यांची जमीन तयार करायचे. सारख्या उंचीच्या जागा जोडत जाणारी रेघ म्हणजे काँटूर, एवढं ज्ञान मला त्यांच्यामुळे मिळालं. ते मिळालं नसतं तर माझं काहीएक अडलं नसतं.

आता असलं काम करणाऱ्या माणसानं ते ऑफिसात ठेवून घरी यावं की नाही? पण साडूंच्या डोक्यातला चढ-उतार कधी बंदच व्हायचा नाही. कुणाकडे गेले की पाणी पिऊन झाल्यावर पेल्यातला शेवटचा घोट फरशीवर ओतायचे आणि तो कुठे जातो ते बघत उकिडवे बसायचे. घरची बाई फडकं घेऊन उभी, आणि हे तिला सांगणार की वहिनी, जरा थांबा, अजून निघालं नाही. जेवायला बसले की आधी ताट फिरवून घ्यायचे. शेवभाजीचा रस्सा ज्या बाजूला धावेल ती बाजू आपल्याकडे, भाकरी पलीकडे उंचावर, म्हणजे ती आपल्या मर्जीनंच भिजते म्हणे. माझ्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. लग्नाच्या वाडीत मांडव सजलेला, वऱ्हाड दाराशी आलेलं, आणि यांनी आचाऱ्याला पेटलेली चूल उचलायला लावली, कारण भांडी विसळलेलं पाणी नवरदेवाच्या खुर्चीखाली जाणार होतं. पाणी गेलं नाही, हे खरं. पण जेवणाला उशीर झाला आणि वरपक्षाची बोलणी मला खावी लागली. हे मात्र आचाऱ्याशेजारी बसून जिलेबी खात होते.

मला सगळ्यात जास्त राग यायचा तो त्यांच्या झोपण्याचा. माणसानं डोकं चढाकडे करून झोपावं, नाहीतर रक्त डोक्यात उतरतं, असा त्यांचा सिद्धांत. आमच्या घराच्या फरशीला उतार असल्याचं ती बसवणाऱ्या कारागिरालाही माहीत नसेल. पण साडू मुक्कामाला आले की पलंग फिरलाच. एकदा दुपारी दुकानातून आत येऊन बघतो तर माझा पलंग खोलीत आडवा, कपाटाचं दार अर्धंच उघडतंय, आणि साडू त्या पलंगावर तृप्त चेहऱ्यानं घोरताहेत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, मला म्हणाली की जाऊ द्या, आमच्याकडे तर देव्हाराही दोनदा हलला आहे. ते गेल्यावर मी पलंग सरळ केला. पुढच्या खेपेला तो पुन्हा आडवा. शेवटी शेवटी मी त्यांना नाक्यावर रिक्षात बसवून घरी येईपर्यंत फक्त पलंगाचाच विचार करत असे.

हेही मी नातं म्हणून सोसलं असतं. पण प्रकरण माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं. पांडेसऱ्याच्या पलीकडे आमची रो-हाउसची लांबट सोसायटी आहे. पूर्वेला गेट, पश्चिमेला खाडी, खाडीचा बांध आणि बांधाला लागून आमची शेवटची गल्ली. पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायचं आमचं दुकान. दर पावसाळ्यात त्या खोलीत पाणी शिरायचं आणि आम्ही नवरा-बायको मशिनी पलंगावर चढवून स्वतः पाण्यात उभे राहायचो. मागच्या खेपेला गिऱ्हाइकांच्या साड्या भिजल्या आणि बायकोनं सांगून टाकलं की पुन्हा पाणी आत आलं तर ती दुकान बंद करून गावी निघून जाईल. ती बोलते तसं करते, हा माझा अनुभव आहे. सुदैवानं सोसायटी गटार करायला तयार झाली. महापालिकेच्या झोन ऑफिसनं जमिनीच्या उंचीचा नकाशा मागितला. तो पावसाळ्याआधी गेला तरच काम होणार होतं. आणि मी, भर मीटिंगमध्ये, छाती पुढे काढून सांगितलं की आमचे साडू काढून देतील.

सगळ्या उंच्या मोजून झाल्या तेव्हा मला वाटलं होतं की आता बटण दाबलं की नकाशा बाहेर येईल. छे. त्या सॉफ्टवेअरनं आपणहून दर मीटरला एक रेघ धरली होती आणि त्या हिशेबानं आमची सोसायटी कोरी निघाली, कागदावर एकही रेघ नाही. मी म्हणालो, झालं की, सगळं सपाट आहे. साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या गावाला शिवी दिली. अंतर अर्ध्या मीटरवर आणलं तेव्हा एकच रेघ उमटली आणि ती माझ्या स्वयंपाकघरातून गेली. मग त्यांनी ते दहा सेंटिमीटरवर नेलं, आणि बघता बघता आमच्या सोसायटीचा घाट झाला. त्यानंतर जो संसार सुरू झाला तो संपेचना. दर पाचवी रेघ जाड हवी. किती जाड? एवढी नको, तिच्याखाली सोसायटीच्या प्रमुखांचा ओटा झाकला जातो. रंग तपकिरी हवा, पण हा नाही, हा चहाचा झाला, मातीचा हवा. जाड रेघेवर उंचीचा आकडा हवा आणि आकड्याच्या मागे रेघ तुटायला हवी, नाहीतर आकडा खोडल्यासारखा दिसतो. रेघा गुळगुळीत करायचीही सोय होती. ती त्यांनी करून पाहिली, मला छान वाटली, आणि त्यांनी लगेच काढून टाकली. का, तर गुळगुळीत होताना एक रेघ शेजारच्या जोशीकाकांच्या तुळशीवरून सरकली, आणि तुळस काही सरकलेली नाही. इकडे आभाळ दिवसेंदिवस भरून येत होतं, बायको माझ्याशी मोजकं बोलत होती, आणि हे तुळशीची चौकशी करत होते.

बरं, एवढं करून आमच्या वाट्याला काय यावं? आमच्या गल्लीभोवती रेघेचं बंद कडं, आणि कड्याला आतून बारीक बारीक काट्या. काट्या कशाला, असं मी विचारलं. तर म्हणे इथे खोलगट आहे हे कळायला. नकाशा अजून कुणी मंजूरही केला नव्हता, पण सोसायटीत तेवढी गोष्ट बरोबर पसरली आणि बायका आमच्या गल्लीला खड्डा गल्ली म्हणू लागल्या. भाजीवाल्यानंही तेच नाव उचललं. बायकोनं हे सगळं माझ्या खात्यावर लिहिलं.

आणि मीटिंगच्या दिवशी नकाशा टेबलावर पसरला तेव्हा सगळे आकडे उलटे. सोसायटी लांबट, कागदात बसावी म्हणून साडूंनी खाडी वरच्या अंगाला घेतली होती आणि गेट खाली. बांधाजवळचे थोडे सोडले तर बाकी झाडून सगळे आकडे डोकं खाली, पाय वर. आमचे प्रमुख गुजराती, शांत माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "भाई, आ तो ऊंधुं छे." कमिटीनं ठराव केला की आकडे सरळ झाल्याशिवाय नकाशा पुढे जाणार नाही. सरळ करणं म्हणजे त्या सॉफ्टवेअरमध्ये एक टिचकी मारायची होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. आकड्याचं डोकं कागदाच्या वरच्या कडेला असावं की चढाकडे, एवढाच तिथे प्रश्न असतो, आणि साडूंनी चढाची, म्हणजे गेटची बाजू धरली होती. मी तडक साडूंच्या घरी गेलो.

तिथे मी जे बोललो त्यात गेल्या सगळ्या वर्षांचं होतं. पेल्यातलं पाणी, आचाऱ्याची चूल, माझा पलंग, काही सोडलं नाही. म्हणालो, तुमच्या एका टिचकीपायी माझं घर बुडेल आणि बायको गावी जाईल. अक्का चहा घेऊन दारातच थांबली. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "आकडा उलटा नही. तुम्हीच उलटा उभा शेतस."

यावर कुणाचं रक्त उसळणार नाही? मी उठायला लागलो तर त्यांनी हाताला धरून मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. एकेक करून जुने नकाशे उघडायला लागले. कतारगामचा एक, उधन्याचा एक, समुद्राकडच्या कुठल्याशा जमिनीचा एक. बहुतेक सपाट माळ, रेघा विरळ, पण आकडे होते. एखादा तळ्याकाठचा तुकडा सोडला तर सगळ्या आकड्यांची डोकी एकाच बाजूला, उगवतीला. जन्मभर त्यांनी या शहराची जमीन बोटभर बोटभर उंचीनं तपासली होती. ते पडद्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"आठे सुरतमा कोठेबी मोजा," ते म्हणाले, "चढ तिकडेच शे. आपलं गाव तिकडेच शे ना."

त्यांचं गाव साक्रीकडे, डोंगराच्या कुशीत. माझंही तिथून फार लांब नाही. मिसरूड फुटायच्या वयात आम्ही दोघंही पोटासाठी इकडे उतरलो, आणि गाव चढावर आहे ही गोष्ट मी कधीच विसरून गेलो होतो. अक्कानं चहा समोर ठेवला, मी तो प्यालो आणि नकाशा आहे तसा काखेत मारून परत आलो.

दुसऱ्या मीटिंगला माझा सगळा संताप कमिटीवर निघाला. मी नकाशा टेबलावर पसरला, खाडीची बाजू खाडीकडे आणि गेटची गेटकडे येईल असा नीट लावला, आणि म्हणालो, नकाशा बरोबर आहे, आपण सगळे गेटकडे पाठ करून बसलोय, उठा. कमिटीला वाटलं मी चेष्टा करतोय. मी करत नव्हतो. शेवटी प्रमुख उठले, मग बाकीचे, आणि सगळी कमिटी आपापली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. गेटकडे तोंड करून बसल्यावर बांधाजवळचे थोडे सोडले तर एकूण एक आकडा सरळ. मग प्रमुख म्हणाले की आता नकाशावरचं सोसायटीचं नाव उलटं झालं. मी म्हणालो, नाव आपल्याला पाठ आहे, पाणी कुठून येतं ते पाठ नाही. त्यांनी मान डोलावली आणि सही केली, तीही त्याच बाजूला बसून, त्यामुळे झोन ऑफिसात ती उलटी वाचावी लागली.

गटार झालं. बांधाखालून पाइप गेला. त्या पावसाळ्यात पाणी गल्लीत आलं, आमच्या दारापाशी घोटाळलं आणि पुढे निघून गेलं. बायको गावी गेली नाही. खड्डा गल्ली हे नाव तेवढं टिकून आहे.

साडू मात्र गेले. नोकरी संपली तशी त्यांनी इथली खोली सोडली आणि अक्काला घेऊन गावाकडे राहायला गेले. मला वाटलं होतं, सुटलो. फोनवर मी त्यांना विचारलं की आता तिथे पाणी ओतून बघता का. म्हणाले, "आठे पानी आपलं आपलं जास." आवाजावरून माणूस सुखात होता. मला मात्र ते ऐकून उगाच रिकामं वाटलं. सुरतेत कुणाकडे जेवायला गेलो की ताट कुणी फिरवत नाही, आणि मला ते खटकतं. या माणसाची मला इतकी आठवण येईल असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी आत गेलो आणि पलंग फिरवला, उशी उगवतीकडे. कपाटाचं दार पुन्हा अर्धंच उघडायला लागलं. बायको दारात येऊन उभी राहिली आणि हे काय नवीन, म्हणाली. मी म्हणालो, फरशीला उतार आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, हातातल्या पेल्यातला शेवटचा घोट फरशीवर ओतला आणि उकिडवी बसली. मीही तिच्या शेजारी बसलो. पाणी बराच वेळ जागचं हललं नाही. मी फडकं आणायला उठू लागलो तर तिनं मला हातानं खाली बसवलं आणि म्हणाली, थांबा, अजून निघालं नाही.