फिरत नाही की पेटत नाही

माझ्या मामाला 'बंद पडलं' हे उत्तर चालायचं नाही. विहिरीवरचा पंप असो, रेडिओ असो, कुणी काही बंद पडल्याचं सांगत आलं की तो हातातला चहा खाली ठेवायचा आणि विचारायचा, "फिरत न्हाई का पेटत न्हाई?" प्रश्न मुळात गाडीचा. चावी मारल्यावर इंजिन हललंच नाही, तर दुखणं बॅटरीत, वायरीत नाहीतर स्टार्टरमध्ये. इंजिन फिरतंय पण सुरू होत नाही, तर पेट्रोल बघायचं नाहीतर ठिणगी. या दोन वेगळ्या दुखण्यांना लोक एकच नाव देतात याचा मामाला मनापासून राग होता. मी गणितात नापास झाले तेव्हा आई त्याच्यापुढं रडायला लागली. मामानं माझ्याकडं बघून विचारलं, "ही अभ्यासाला बसत न्हाई, का बसती पण डोक्यात जात न्हाई?" आईचं रडू थांबलं आणि मी अडकले, कारण मी बसतच नव्हते.

मामा राजुरीचा. कांदा, टोमॅटो, गोठ्यात गाई आणि गोठ्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये जुनी अँबॅसिडर. गोठ्याचा पत्रा गळला तरी चालेल, शेडचा गळता कामा नये, असा तिथला कायदा होता. स्वभावानं मामा फुशारकीचा. "आपली गाडी आजपत्तोर धक्क्यावर सुरू झाली न्हाई," हे वाक्य पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबरच मिळायचं. चूक कबूल करणं तर त्याला ठाऊकच नव्हतं. कांद्याच्या चाळीत पाणी शिरलं तेव्हा त्यानं पावसाला बोल लावला, तो म्हणे नको त्या बाजूनं आला. मामी म्हणायची, "ह्यांचं कधी चुकलंय का?" मामा ते कौतुक समजून मान डोलवायचा.

लग्नात मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं ही रीत सगळीकडंच आहे. आमच्याकडं त्यापुढं एक होती. भाचीला मामानं स्वतःच्या गाडीत घालून सासरच्या दारात पोचवायचं. माझ्या सगळ्या मावसबहिणी त्याच अँबॅसिडरमधून गेल्या. माझी पाळी आली तेव्हा मामानं गाडीला दुधी रंग दिला. बॉनेटच्या आतला पत्रासुद्धा सोडला नाही. त्यासाठी वायरी सोडाव्या लागल्या, तर पेंटरला हात लावू न देता त्या सोडल्याही त्यानंच आणि रंग वाळल्यावर परत जोडल्याही त्यानंच.

लग्न आमच्या दारात, निरगुडसरला झालं. मला घोडेगावला जायचं होतं आणि दिवेलागणीच्या आत नवरी घरात घ्यायची असा सासरच्यांचा आग्रह होता. आईच्या गळ्यात पडून रडून झालं, ओटी भरून झाली. मी मागच्या सीटवर बसले, नवरा अजून बाहेर निरोप घेत होता. मामानं मोठ्या रुबाबात चावी फिरवली. गाडीत कुठंतरी 'टक्' असा आवाज झाला आणि पुढं काहीच नाही. त्यानं परत फिरवली. परत टक्.

पहिल्यांदा लोक हसले. मग हसणं विरलं. माझी चुलत सासू खिडकीपाशीच उभी होती. ती शेजारणीला म्हणाली, "नवरी बसली आन् गाडी बसली." शेजारीण म्हणाली, "येताना तर झ्याक आली व्हती." एवढंच. पण पायगुण हा शब्द कुणाला उच्चारावा लागत नाही, तो हवेतच असतो. मी मान खाली घातली आणि हातातल्या बांगड्या बघत बसले.

वडील धावत आले. गाडीच्या मागं माणसं जमली, बाह्या सरसावल्या गेल्या. मामा खाली उतरला. त्यानं चावी काढून खिशात घातली आणि म्हणाला, "हात काढा. गाडीला कुणी हात लावायचा न्हाई."

"आरं दादा, धक्का दिला की व्हतंय सुरू," वडील म्हणाले. "येळ चाललाय."

"धक्क्यानं गाडी सुरू व्हईल, दाजी. पोरीवर आल्यालं बोलणं तसंच ऱ्हाईल."

तेव्हा चुलत सासूनं तो उपाय सुचवला. अगदी गोड आवाजात. "मी काय म्हनते, पोरीला जरा उतरवून बघा की. सुरू झाली म्हंजी कळंलच."

मामाचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. तो खिडकीत वाकला आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. "सुमे, उतरायचं न्हाई. हलायचं बी न्हाई. कुठंतरी जोड लूज हाय. तू उतरशील, गाडी हलंल, वायर टेकंल आन् ही सटवी नेमकी तवाच सुरू व्हईल. मग जन्मभर उत्तर देत बसशील."

मला ते पूर्ण समजलं. माझ्या अंगाखाली कुठंतरी एक सैल वायर होती, आणि मी पदर सारखा केला तरी ती टेकेल असं मला वाटायला लागलं. उन्हात तापलेल्या त्या गाडीत मी शालू नेसून श्वास धरून बसले.

मामा मात्र आपल्या क्रमानंच गेला. आधी दिवे. त्यानं माझ्या नवऱ्याला गाडीपुढं उभं केलं. "पावणं, चावी मारल्यावर दिवं मंद व्हत्यात का, तेवढं सांगा." मुंडावळ्या बांधलेला नवरदेव भर उन्हात दिव्यांवर हाताची सावली धरून वाकला. मामा दार न उघडता, खिडकीतून हात घालून चावी फिरवत होता. गाडी हलू नये म्हणून.

"थोडं व्हत्यात. लई न्हाई," नवरा म्हणाला.

"म्हंजी बॅटरीत जीव हाय. करंट निघतोय, पोचत न्हाई." मामा बॉनेट उघडून आत शिरला. बॅटरीच्या दोन्ही टोकांना हात लावून त्यानं ती घट्ट आहेत याची खात्री केली. मग स्टार्टरकडं जाणारी जाड वायर. तीही घट्ट. मागं सासऱ्यांचा आवाज चढला होता. "आमची जीप हाय की. तिच्यात बसवा आन् निघू." मामानं डोकं वर न काढता उत्तर दिलं, "बसवा म्हंजी आधी उतरवा. न्हाई जमणार." सासऱ्यांना असं तोंडावर कुणी नाही म्हटलेलं मी पुढं आजवर ऐकलेलं नाही. आईनं तोंडाला पदर लावला.

बॉनेटच्या कडेनं मला मामाचं अर्धं तोंड दिसत होतं. त्याचा हात चोकच्या तारेला लागला आणि त्यानं तो झटकन मागं घेतला. तार गरम होती. चोकची तार नुसती ओढायची असते, तिच्यात करंट नसतो; ती गरम व्हायचं काहीच कारण नसतं. मामा तिच्याकडं बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

त्याला काय कळलं ते त्यानं मला नंतर सांगितलं. इंजिन रबरावर बसवलेलं असतं. स्टार्टरला गेलेला करंट परत येण्यासाठी इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याची एक जाड पट्टी असते. ती बॉडीला जिथं बोल्टानं बसते तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो, रंगातून करंट जात नाही. मामानं पट्टी नव्या रंगावरच आवळली होती. सकाळी कुठंतरी ओरखड्यातून चाललं, रस्त्यानं आदळून तेही गेलं. वाट बंद झालेला करंट मग त्या बारीक तारेतून घुसायला बघत होता.

पाना घेऊन, रंग खरवडून, कुणाला काही न सांगता तो गाडी सुरू करू शकला असता. त्याचं नाव राहिलं असतं. ते बोलणं मात्र माझ्याबरोबर घोडेगावला आलं असतं.

मामानं डोकं बाहेर काढलं आणि मोठ्यानं हाक मारली. "विहीणबाई, जरा हिकडं या."

माझ्या सासूबाई तोवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. चुलत सासूच्या बोलण्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्या पुढं आल्या. मग मामानं मला सांगितलं, "आता तू पुढं ये. दारातनं नको, सीटवरनं ये." शालू गुडघ्यापर्यंत गोळा करून, मुंडावळ्या सावरत मी पुढच्या सीटवर आले. एरवी सगळा मांडव हसला असता. आत्ता कुणी हसलं नाही. मामानं चावी माझ्या हातात दिली.

"फिरव."

टक्.

त्यानं डिकीतली जाड वायर आणली, एक टोक इंजिनाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला धरलं. "आता फिरव." इंजिन फिरलं, धडधडलं आणि सुरू झालं. त्यानं मला बंद करायला लावलं. वायर काढली. टक्. परत वायर लावली, आणि इंजिन परत सुरू.

"बघितलं, विहीणबाई? पोर दोन्ही येळंला गाडीतच हाय. चावी बी तिच्याच हातात हाय." मग तो सगळ्या मांडवाकडं वळला. "रंग मी दिला. पट्टी मी बसवली. खाली खरवडायचं मी इसरलो. चूक माझी हाय. हिच्याकडं कुणी बोट दाखवायचं न्हाई."

मामी डोळे पुसत होती. मामानं पट्टी सोडली, पान्याच्या कडेनं रंग खरवडला, बोल्ट आवळला, आणि हात पुसून, मला बाजूला सरकवून स्टिअरिंगवर बसला. नवरा मागं बसला. मंचर मागं पडलं तेव्हा ऊन अजून होतं. घोडेगावच्या दारात मला उतरवताना मामानं फक्त डोक्यावर हात ठेवला. हाताला ग्रीसचा वास होता.

त्यानंतर पाहुण्यांना राजुरीत नुसतंच पाणी मिळायला लागलं. गाडी धक्क्यावर तेव्हाही सुरू झाली नव्हती, वाक्य अजून खरं होतं. पण मामानं ते परत म्हटलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं. एकदा मीच त्याला म्हटलं, "मामा, सांग की पाहुण्यांना." तो म्हणाला, "तुला कुणी काय बोललं का तिकडं?" मी नाही म्हटलं. "मग झालं तर," म्हणाला आणि गाईंना वैरण घालायला गेला.

मामाला जाऊन वर्ष व्हायच्या आत माझ्या दिराचं लग्न झालं. संध्याकाळी नवी नवरी दारात आली, तिनं मापाला पाय लावला आणि त्याच क्षणी घरातले सगळे दिवे गेले. तांदूळ अंधारात सांडले. चुलत सासू आता पार थकली आहे, पण जीभ थकलेली नाही. "बघा, आल्या आल्याच," तिनं सुरुवात केली.

"गप बसा जरा." सासूबाईंचा आवाज होता. "शेजारची लाईट हाय का बघा आधी. आपलीच गेली का समद्या आळीची?"

कुणीतरी बाहेर जाऊन बघून आलं. शेजारी लख्ख उजेड होता. "मग आपलाच फ्यूज हाय," सासूबाई म्हणाल्या. "मांडवाचं दिवं कुणी जोडलं व्हतं? त्याला बोलवा." त्या मामाच्याच क्रमानं जात होत्या, आणि हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. मला मामाची फार आठवण आली.

नवरी उंबऱ्यावरच थांबली होती, एक पाय आत, एक बाहेर. मी चाचपडत पुढं गेले आणि तिचा हात धरला. तो गार पडला होता.

"आत ये," मी म्हटलं. "फ्यूज गेलाय."