अर्ध्या तळ्याचं कोडं

अमडापूरच्या पुढं एक जुनं गावतळं आहे, आणि त्या तळ्यावर सारा जन्म काढलेला भाऊराव भोई. जाळं असं फेकायचा की बघणाऱ्याचा चहा हातातच गार व्हावा. तोंडानं मात्र महा फटकळ! त्याला गप्प करणारं माणूस एकच, त्याची बायको रुख्मिणी.

तिनंच गेल्या उन्हाळ्यात माहेरच्या नदीवरून जलपर्णीचं एक रोप पाटीत घालून आणलं. जांभळ्या फुलांचं तिला भारी वेड.

"तळं खाऊन टाकते थे," भाऊराव ओरडला.

"एकानं काय होते?" म्हणत तिनं ते काठाशी सोडलंसुद्धा. पोळ्याच्या आधीच ती तापानं गेली.

आता सांगा, त्या रोपावर भाऊरावाचा हात कसा उठावा? वाऱ्यानं पानं हलली की त्याला वाटे, रुख्मिणीच पाण्यात उभी आहे. रोप पसरत गेलं. मच्छीमार सोसायटीचे लोक कुरकुरले, तर हा म्हणे, "अर्धं तळं मोकळं हाये ना बे! दिवाळीनंतर पाहू."

एका दुपारी नात प्राची त्याचा डबा घेऊन तळ्यावर आली. "आबा, एक वेल रोज दुप्पट होते. तिसाव्या दिवशी तळं भरते. मंग अर्धं कवा भरलं असन?"

"पंधराव्या."

"चुकलं!"

झालं! म्हातारा पेटला. वेल कोणती, गुरं खातात का, वारा कुठला, नाना शंका. बोटांवर मोजून थकला, भाकर वाळून गेली.

"आबा, काऊन एवढं डोकं खाजवता? एकोणतिसाव्या! दुसऱ्या दिवशी दुप्पट झालं का भरलंच ना!"

भाऊराव खो खो हसला आणि हसता हसता त्याची नजर पाण्यावर गेली. अर्धं तळं हिरवं. काठाशी रोहू मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. त्यानं डबा बाजूला सारला.

"रुख्मे, तू तं माह्यं तळंच मागून राह्यली वं!"

विळा घेऊन तो तसाच पाण्यात उतरला. मागोमाग सोसायटीची माणसंही आली. मुळ्या पायांना असा विळखा घालत, की वाटावं, कुणीतरी खालून धरून ठेवलंय. दरवेळी तो पुटपुटे, "सोड वं, सोड."

कित्येक दिवसांनी पाणी मोकळं झालं. माणसं घरी गेली. तिनं सोडलं होतं त्याच जागी एक रोप उरलं होतं, वर जांभळं फूल.

"आबा, हे एकच राह्यलं," प्राची म्हणाली. "राहू द्या ना!"

भाऊरावाचा हात थबकला. कानाशी अगदी तिचाच आवाज आला, एकानं काय होते?

"सारं होते, रुख्मे," तो मोठ्यानं म्हणाला. मुळासकट उपटून त्यानं ते रोप बांधावर उन्हात टाकलं, आणि फूल सुकेपर्यंत तो तिथून हलला नाही.