काटेकाकूंचं पठार

समोरून माणूस आला की काटेकाकू आधी त्याच्या तोंडाकडे पाहत नसत, पायांकडे पाहत. पाय वाटेवर असले तर नमस्कार. वाट सोडून गवतात असले तर नमस्कार नाही, नुसतं "खाली बघा." आमच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणारे डॉक्टर, वकील, निवृत्त साहेब सगळे खाली बघून मुकाट्याने वाटेवर येत. मीही आलो आहे.

नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात केली, ट्रंक कॉल जोडून देण्याची. कमी शब्दांत बोलणं उरकायची सवय तिथलीच असावी. निवृत्त झाल्यावर त्या शनिवार पेठेतून सकाळच्या पहिल्या बसने विश्रांतवाडीकडे येत आणि तिथून टेकडी चढत. साडीच्या दुकानातल्या जुन्या कापडी पिशवीत विळा, आखूड दांड्याची कुदळ आणि पोळीभाजीचा डबा. घराजवळ टेकड्या असताना इतक्या लांब कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तिथे काळजी घेणारी माणसं आहेत. इथे तुम्ही आहात."

काटेकाकू हे नाव त्यांना आम्ही चालणाऱ्यांनी दिलं, आणि त्याला मीही थोडा कारण आहे. मी मूळचा अमरावतीचा, नोकरी खराडीला. ऑफिसची गाडी गाठायची म्हणून वळणाची वाट सोडून सरळ उतारावरून घसरत खाली यायचो. अशा चोरवाटांनी पावसाचं पाणी धावतं, माती वाहते आणि बघता बघता तिथे घळ पडते, हे माझ्या गावीही नव्हतं. एक दिवस उताराच्या तोंडाशी वेड्या बाभळीच्या फांद्या रचलेल्या होत्या. एक काटा बूट फोडून आत गेला. शेजारी एक बाई शांतपणे अजून फांद्या ओढून आणत होत्या.

"हे काटे तुम्ही टाकले काय हो काकू?"

"मी. बोला."

"मला ऑफिसला उशीर होऊन राहिला ना."

"मग लवकर उठा."

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठलो. तेव्हापासून रोज वळणाच्या वाटेने जाताना त्यांचं काम दिसू लागलं. वाटेवर त्या जागोजागी दगडांची तिरपी ओळ बसवत, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला निघून जातं. घाणेरीची झुडपं मुळासकट उपटत आणि त्या जागी पवन्या गवताचं बी टाकत. "बाई, तुम्हाला हे कुणी सांगितलंय?" असं एका साहेबांनी विचारलं, तेव्हा त्या कुदळ न थांबवता म्हणाल्या, "मला थांबवायला तुम्हाला कुणी सांगितलंय?"

त्यांचा जीव होता माथ्यावरच्या पठारावर. वर्षातले आठ महिने ते पिवळं, उजाड दिसतं. मलाही तसंच दिसायचं, म्हणून कंपनीने वृक्षारोपण ठरवलं तेव्हा जागा मीच सुचवली. जूनमधल्या एका शनिवारी एकसारखे टी-शर्ट घातलेले आम्ही सगळे वड, पिंपळ, गुलमोहर घेऊन वर गेलो. खड्डे आदल्या दिवशीच खणून घेतले होते. पहिल्या खड्ड्यात पाय सोडून काटेकाकू बसल्या होत्या.

आमचे मॅनेजर गोडीत म्हणाले, "काकू, आम्ही झाडंच लावतोय. तुम्हाला झाडं आवडत नाहीत का?"

"पुरणपोळी मला आवडते. म्हणून मी ती कपाटात साड्यांच्या घड्यांत ठेवत नाही."

"पण ही जागा तर मोकळीच आहे."

"मोकळी? तुमच्या उजव्या बुटापाशी बघा."

बुटापासून वीतभर अंतरावर खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती. डोक्यावर टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि आम्ही तिच्या आवाजात फोटो काढत होतो. काकू म्हणाल्या, "इथे सावली पडली की गवत मरतं. गवत गेलं की चंडोल गेला, टिटवी गेली, सोनकीची फुलं गेली. मी काही उठायची नाही. फोटो काढायचा तर माझ्यासकट काढा." कोणी काढला नाही. रोपं परत टेम्पोत चढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी मी एकटाच वर गेलो. माफी मागण्यासाठी दोन-तीन वाक्यं जुळवून नेली होती. काकूंनी ती ऐकलीच नाहीत. कुदळ माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "खड्डे तुमचे आहेत. बुजवा." त्यानंतरची सहा वर्षं माझे रविवार त्यांचे झाले. शाबासकी एकदाही मिळाली नाही. एकदा मी बसवलेली दगडांची ओळ त्यांनी पायाने दाबून पाहिली आणि पुढे गेल्या, तेवढ्यावर मी महिनाभर खूश होतो.

गेल्या थंडीत काकू झोपेतच गेल्या. टेकडीवरच्या मंडळींनी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. सगळे चांगलं बोलले, मनापासून बोलले. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की काकूंच्या स्मरणार्थ पठारावर मधोमध एक वड लावायचा, भोवती पार बांधायचा आणि नावाची पाटी बसवायची. टाळ्या पडल्या. काही जणांनी डोळे पुसले.

मी उभा राहिलो. "पठारावर झाड लागणार नाही."

"अहो, एकच झाड. तेही त्यांच्या नावाचं."

"एकही नाही."

"तुम्ही कोण ठरवणार? त्यांची आठवण म्हणून टेकडीवर काहीच नको का?"

"काहीच नको. तुम्ही खड्डा खणलात तर मी बुजवीन. पुन्हा खणलात तर पुन्हा बुजवीन."

मला कृतघ्न म्हणणारे हॉलमध्ये होते, अजूनही आहेत. दोघे-तिघे टेकडीवर भेटले की मान फिरवतात. फिरवू देत. तो वड शेवटी सोसायटीच्या फाटकापाशी लागला आणि त्याला पाणी मीच घालतो. काकूंची मला फार आठवण येते. पण पठारावर त्यांच्या नावाचं काहीही नाही, आणि मी आहे तोवर होऊ देणार नाही.