साऱ्या गावाचा अर्ज

गावाचे नाव मी लिहिणार नाही. पण तिथून आलेला अर्ज इतकी वर्षे लोटली तरी मनातून गेलेला नाही. दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या थोडी आधीची गोष्ट. वाशीमकडच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो.

सकाळची हजेरी आटोपली होती. तोच एका गावचे पोलीस पाटील चार माणसे घेऊन दारात उभे राहिले. गावातल्या एका तरुण विधवेने गर्भ पाडला, तिच्यावर खटला भरावा, असा अर्ज होता. खाली अंगठेच अंगठे.

"साऱ्या गावाचं म्हननं हाय साहेब," पाटील म्हणाले. "एकही मानूस इरुद्ध नाई."

कलम ३१२ प्रमाणे गर्भ पाडून घेणारी बाई स्वतःही गुन्हेगार ठरे. मी गुन्हा नोंदवला आणि दुपारपर्यंत घोड्यावरून गाव गाठले. खरे सांगायचे तर मला शंकाही आली नव्हती. इतकी माणसे मिळून खोटे कशाला बोलतील?

बाई पंचविशीच्या आतली. पांढरीफटक पडलेली, भिंतीला टेकून बसलेली. नवरा पटकीने गेला होता. एकटी राहायची, वावर स्वतः करायची. पोटातल्या मुलाचा बाप कोण, हे तिने मला शेवटपर्यंत सांगितले नाही.

"औषध कोणाकडून घेतलंस?" मी विचारले.

"मी कायले घेऊ? मीच येनार होती ठान्यात. उठता येत नव्हतं. हे लोक माह्याआधी पोचले."

आरोपी नाकारतातच, म्हणून मी त्यावर फार विसंबलो नाही. बैलगाडीतून तिला सरकारी दवाखान्यात पाठवले. दोन दिवसांनी डॉक्टरांचा दाखला आला. दोन्ही दंडांवर आणि घोट्यांवर घट्ट धरल्याचे वळ होते. आपल्या मर्जीने औषध घेणाऱ्या बाईला कोणी घोटे धरून ठेवत नाही.

मी अर्ज पुन्हा काढला. गावच्या कोतवालाला समोर बसवले आणि एकेक अंगठा कोणाचा ते विचारत गेलो. गावात घरटी अंगठा होता, फक्त म्हाताऱ्या सुइणीचा नव्हता.

म्हाताऱ्या माणसाला दरडावले की ते मिटून जाते, हा माझा अनुभव. तिला ठाण्यात न बोलावता मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि पाणी मागितले. ती दचकली. तिच्या हातचे पाणी गावात कोणी पीत नसे. मी पाणी प्यालो आणि विचारले, "मावशी, अर्जावर तुमचा अंगठा का नाही?"

तिने रिकामा तांब्या उचलून घेतला. मग म्हणाली, "मीच केलं, अन् तिच्यावरच घालू काय जी?"

पुढचे तिने एका दमात सांगितले. चावडीत ठराव झाला होता. विधवेला मूल झाले तर गावाचे नाक जाईल, तेव्हा ते होऊ द्यायचे नाही. चार बायकांनी तिला धरले. "मले लेकरू पाह्यजे, असं वरडून राह्यली होती ती. मी पाटलाले म्हटलं, ती नाई म्हनून राह्यली. तं म्हने, एकटीचं नाई कोन इचारते?" ती ठाण्यात जाणार हे कळल्यावर तिच्यावरच अर्ज टाकायचे ठरले.

कलम बदलले. बाईच्या संमतीविना गर्भपात, ३१३. आरोपी होती ती फिर्यादी झाली. तिने जबाबात म्हटले, "नाक गावाचं होतं साहेब. पोट माह्यं होतं." लेखनिक थबकला. मी त्याला म्हणालो, जसे बोलली तसे लिही.

पाटलांनी काहीच नाकारले नाही. "ठराव साऱ्यांचा होता. मी एकट्यानं थोडाच केला?" असे ते शांतपणे म्हणाले. अशा वेळी गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर चलबिचल दिसते. ती तिथे नव्हती.

सुईण माफीची साक्षीदार झाली. सेशन कोर्टात पाटील आणि ठरावात पुढे असलेल्या गावच्या दोन पंचांना शिक्षा लागली. चार बायका संशयाचा फायदा मिळून सुटल्या. गावाने ती बाई आणि सुईण, दोघींशी बोलणे टाकले.

वर्षभराने फिरतीवर असताना ती बाई मला वावरात कापूस वेचताना दिसली. मी घोडा थांबवून तब्येत विचारली. आभार वगैरे तिने मानले नाहीत.

"एक इचारू काय साहेब?" ती म्हणाली. "मीच माह्या मनानं पाडलं असतं, तं तुमी मले नेलं असतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग गावात अन् तुमच्यात फरक काय जी?"

ती वेचणीला लागली. कायदा काही मी केला नव्हता, असे म्हणता आले असते. पण पाटलांनीही नेमके तेच सांगितले होते. मी घोडा पुढे काढला.

आता कायदा बदलला आहे. घरी त्यावरून वाद होतात आणि नातवंडे मला कौल मागतात. मी त्यांना म्हणतो, मते मोजण्याआधी जिच्याविषयी बोलता ती तिथे बोलायला हजर आहे का, एवढे बघा. त्या चावडीत ती नव्हती. आणि ज्यांनी ३१२ कलम लिहिले, त्यांच्यातही तिच्यासारखी कोणी नव्हती.